बाबांच्या कडेवर वाघ्या

आज अंबरनाथच्या फ्लॅटमध्ये फरशी पुसताना फिनेलचा उग्र वास नाकात गेला आणि मला बारवी धरणाजवळचं आमचं शेतघर आठवलं.

केमिकलच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या बाबांनी तिथे वाघ्या नावाचा धिप्पाड कुत्रा पाळला होता. त्याला साप चावू नये म्हणून ते त्याच्या खोपटाभोवती रोज फिनेल ओतत. साप पळाले का, माहीत नाही. वाघ्या मात्र शिंकत शिंकत पळाला आणि अंगणातल्या लाकडांच्या ढिगाशी झोपू लागला.

पाड्यावरच्या हिराबाई म्हणाल्या, "सायेब, वासानं जनावर जात नाय. ती लाकडं हलवा. तिथं उंदीर हायेत, त्यांच्या मागं येतंय."

"हिराबाई, मी केमिकलमध्ये तीस वर्षं काढलीत!"

तेवढ्यात ढिगातून नाग निघाला. वाघ्या शेपटी हलवत त्याला हुंगायला गेला. गुडघेदुखीने एरवी पायरीही न चढणारे बाबा धावले, वाघ्याला उचलून थेट ओसरीवरच्या टेबलावर चढले. नाग सावकाश कुंपणाबाहेर गेला.

"गेला, सायेब. उतरा आता."

"आधी लाकडं हलवा," बाबा वरूनच म्हणाले. वाघ्या त्यांचं तोंड चाटत होता.

मी तेव्हा पोट धरून हसलो होतो. नाग गेल्यावरही बाबांनी वाघ्याला किती घट्ट धरून ठेवलं होतं, ते मात्र मला आत्ता दिसतंय.