‘ते’ म्हणजे किती जण?

नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात, मानसोपचाराच्या खोलीबाहेर मनोहरराव एकतीस वर्षं उभे आहेत. म्हणजे मधूनमधून बसतातही, पण काम नाव पुकारायचं. आणि पुकारतात तरी कसं! बारशाला पाळण्यापाशी वाकून कानात सांगावं, तसं हलकेच. घाबरलेल्या माणसाला आपलंच नाव मोठ्यानं ऐकू आलं की तो आणखी घाबरतो, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

त्या चैत्रातल्या दुपारी कूलर वाळ्याचा वास सोडत घुरघुरत होता. पडद्यावरची छापील पानं पाण्याखाली असल्यासारखी डुलत होती आणि त्यांच्याबरोबर मनोहररावांच्या पापण्याही. अशा अर्ध्या झोपेतच त्यांनी पुकारलं, “प्रेमिलाबाई, पारशिवनी.”

बाई अडुसष्टच्या. सोबत मुलगा रोहित, कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला. गावाहून शेजाऱ्यांचा फोन आला होता, तुझी माय सांजेला दोन कप चहा मांडते अन् एकटीच बोलते. बाकावर बसल्या बसल्या त्यानं मनोहररावांना सांगूनही टाकलं होतं, “काका, आजार निघाला तर हिले क्वार्टरवरच ठेवतो. घराले कुलूप, गाय मामाकडे.” ते ऐकून बाईंनी पदर असा आवळला, जणू तोच कुणी ओढून नेणार होतं.

डॉक्टर गौरांग ओडिशाचे. आठ महिन्यांत पुस्तकावरून मराठी शिकलेले. माणूस नेमाचा. काय होतं, किती दिवसांपासून, किती वेळा, हे सगळं जुळल्याशिवाय आजाराचं नाव कागदावर उतरवायचे नाहीत.

“आजी, संध्याकाळी कोण बोलतं?”

“ते बोलतेत नं जी.”

“ते कोण?”

बाई पदर तोंडात धरून हसल्या. “आता कसं सांगू बाप्पा! ते म्हणजे ते.”

“काय बोलतात?”

“म्हणतेत, हिनं आज चहात साखर लय टाकली.”

डॉक्टरांचा पेन भराभर चालला. मग रोहितकडे झुकून ते हळूच म्हणाले, “आवाज एक नहीं, कई हैं. आपस में इन्हीं की बात करते हैं. भरती करना पडेगा.”

रोहितनं मान खाली घातली. बाईंना काही उमगलं नाही. “गाईची वेळ होऊन राहिली जी,” एवढंच त्या म्हणाल्या.

एकतीस वर्षांत मनोहरराव खोलीत कधी मधे बोलले नव्हते. आज पडद्यातून डोकं आत आलं. “साहेब, त्या ‘ते’मध्ये एकच माणूस आहे.”

“लेकिन ये तो बहुवचन है?”

“मानाचं आहे साहेब. यांचे मालक. अन् ‘ही’ म्हणजे ह्याच. आमच्याकडचा नवरा बायकोशी भिंतीकडे पाहून बोलते.”

“फिर नाम क्यों नहीं बतातीं?”

मनोहरराव बाईंकडे वळले. “मावशी, नाव घ्या नं. लग्नात घेतलं होतं तसं.”

बाईंनी पदर सावरला, नजर जमिनीला लावली आणि कुठल्या तरी जुन्या मांडवातून यावा तसा सोळा वर्षांचा आवाज आला,

“पेंचच्या पाण्यावर चांदण्याची जाळी,
देवाजीरावांचं नाव घेते दिवेलागणीच्या वेळी.”

भर दुपारी खोलीत दिवेलागण झाली. कूलरसुद्धा दूर कुठल्या नदीकाठी चालल्यासारखा वाटला. रोहित भिंतीकडे तोंड करून डोळे पुसू लागला.

डॉक्टरांनी पेन ठेवला. “देवाजीराव कुठे आहेत आता?”

“गेले नं जी, दिवाळी झाल्यावर. मीच तोंडात पाणी घातलं.”

“तरी आवाज येतो?”

“पन्नास वर्षांचे कान आहेत हे. त्यांले कोण समजावंन?”

झोप, जेवण, सगळं विचारून झालं. मरावंसं वाटतं का, तेही विचारलं.

“मरू कशाले? गाय गाभण आहे.”

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. त्यांच्या जाडजूड पुस्तकात शेवटी काही पानं अशी असतात, जिथे आजारी नसलेल्या पण दुखावलेल्या माणसांची नोंद होते. तिथला आकडा त्यांनी लिहिला आणि रोहितला म्हणाले, “बीमारी नहीं, दुःख है. गावात राहू द्या. महिन्यानं दाखवायला आणा.”

“चाल वं माय,” रोहितनं हात धरला. उंबऱ्यापाशी बाई घाईनं म्हणाल्या, “लवकर चाल बापू, पाचची बस चुकली तर ते चहासाठी बसून राहतीन.”

रोहितचा पाय तिथेच थबकला. त्यानं चोरट्या नजरेनं मागे पाहिलं. डॉक्टरांनी सगळं ऐकलं होतं. पेन टेबलावरच होता.

“आजी,” ते शब्द जुळवत म्हणाले, “त्यांना सांगा, साखर कमीच बरी.”