निवेदनाखालची सही

फॉर्तुनातो काल्मोइतकी नीट तयारी त्या कचेरीत दुसऱ्या कुणाची नसे. अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये एका पावाच्या दुकानावर ही मोफत कायदेशीर मदतीची कचेरी होती. मायदेशी परतणं ज्यांच्या जिवावर बेतेल, अशी माणसं तिथे आश्रयाचा अर्ज करायला येत. ती वकिलापुढे बसण्याआधी त्यांची हकिकत ऐकायची, तारखा लावायच्या, निवेदन लिहायचं, हे फॉर्तुनातोचं बावीस वर्षांचं काम. खुर्ची अशी मांडायची की येणाऱ्याला दार दिसत राहावं. पाण्याचा पेला आधीच भरून ठेवायचा, कारण भ्यालेला माणूस पाणी मागत नाही. आधी गाव, मग घरची माणसं, भीतीचं सगळ्यात शेवटी. कामावर नव्याने आलेल्यांना तो हे शिकवी आणि एक गोष्ट बजावून सांगे: "नुसतं 'हो' आलं की थांबा. प्रश्न उलटा करून विचारा, नुसत्या 'हो'ने भागणार नाही असा. डोंगरातली माणसं मोठ्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणत नाहीत."

हे तुला कसं ठाऊक, असं त्याला कुणी विचारलं नाही. तो ग्वातेमालाच्या त्याच डोंगरातला होता. नऊ वर्षांचा होईपर्यंत त्याला माम भाषेखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. पण ओकलंडला आल्यावर तो छपरं घालण्याच्या कामावर लागला. तिथला मुकादम एका माम गड्याला रोज म्हणायचा, "ए डोंगऱ्या, शिडी चढायची असते, तिला मेणबत्त्या लावायच्या नसतात." सगळे हसत. फॉर्तुनातो सगळ्यांत मोठ्याने हसला, आणि त्या दिवसापासून तो जिल्ह्याच्या शहरचा, फक्त स्पॅनिश बोलणारा झाला. पुढे ते खोटं अंगाला इतकं बसलं की काढायचं कारण पडलं नाही.

मार्चमध्ये मार्सेलिना पाब्लो आली. साठी उलटलेली, हातात दुमडलेली शाल. मुलाला ठार मारणाऱ्या टोळीचं नाव तिने पोलिसांना सांगितलं होतं, म्हणून टोळी तिच्या दारात आली होती. अर्ज देशात आल्यापासून वर्षाच्या आत द्यावा लागतो. तिचे दोन दिवस उरले होते. माम दुभाषी येसेनिया नेमकी तापाने पडली होती.

त्यांच्या गावाकडची रीत अशी, की वडीलधाऱ्यांसमोर धाकट्याने मान पुढे झुकवायची आणि मोठ्यांनी डोक्याला हात लावायचा. मार्सेलिना समोर येऊन उभी राहिली तशी फॉर्तुनातोची मान किंचित झुकली. त्याने ती आवरली आणि हात मिळवायला पुढे केला.

वकीलबाई रूथ हॅलोरन यांना त्याने सांगितलं की मार्सेलिनाला कामापुरतं स्पॅनिश कळतं. मग त्याने विचारलं, ते रात्री घरी आले होते का? "हो, सेन्योर." चौघे होते? "हो, सेन्योर." तुम्ही त्यांचे चेहरे पाहिले? "हो, सेन्योर." बावीस वर्षांत हजार वेळा ऐकलेलं ते 'हो' होतं. प्रश्न कळला नाही की शाळेत मास्तरांपुढे तो स्वतः तेच म्हणत असे. त्याने प्रश्न उलटा केला नाही. निवेदन लिहिलं, स्पॅनिशमध्ये वाचून दाखवलं, आणि खाली सही केली: हे अर्जदाराला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवलं आहे.

तीन महिन्यांनी मुलाखतीची तारीख आली. आश्रयाचा निर्णय करणारा अधिकारी गुरुवारी तिला प्रश्न विचारणार होता. तयारीसाठी मंगळवारी सगळे बसले. येसेनियाने निवेदन माममध्ये वाचून दाखवलं आणि म्हातारी मध्येच थांबवून म्हणाली, मी कुणाला पाहिलं नाही. ती मागच्या अंगणातल्या वाफेच्या न्हाणीत, ओल्या दगडांमागे दडली होती. तिने फक्त आवाज ऐकले होते. त्यातला एक शेजारणीच्या मुलाचा होता. त्याला तिने लहानपणी मक्याची पेज भरवली होती.

रूथने चष्मा काढून ठेवला. निवेदन एक आणि जबाब दुसरा असला की अधिकारी माणसाला खोटारडा ठरवतो, आणि तसा शिक्का बसला की परत पाठवणीच. तिने येसेनियाला विचारायला सांगितलं, की मग तेव्हा पाहिलं असं का सांगितलं?

मार्सेलिनाने फॉर्तुनातोकडे क्षणभर पाहिलं आणि माममध्ये म्हणाली, "चूक माझीच. म्हातारी झाले, काहीबाही बोलून गेले."

येसेनियाने तोंड उघडायच्या आतच ते फॉर्तुनातोच्या काळजात गेलं होतं. त्याने मान वर केली नाही.

"चूक तुमची नाही, नान," तो माममध्ये म्हणाला. वडीलधाऱ्या बाईला त्यांच्याकडे नान म्हणत. चाळीस वर्षांनी भाषा तोंडात गंजलेल्या बिजागरीसारखी फिरली. "प्रश्न तुम्हाला कळत नव्हते. मला ते कळत होतं."

येसेनिया त्याच्याकडे बघतच राहिली. "दोन वर्षं मला विचारताय, माममध्ये 'आभारी आहे' कसं म्हणतात म्हणून," ती म्हणाली. "मी शिकवतेय, आणि तुम्ही वहीत लिहून घेताय, तात."

'तात' म्हणजे आपल्यातला वडीलधारा. तिने तो शब्द चिमटा काढल्यासारखा उच्चारला.

रूथला त्याने सगळं इंग्रजीत सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "असे आणखी किती अर्ज आहेत?" त्याला आठवत होते ते अकरा. तिने ते अकरा कागद काढायला लावले, यापुढे कुठल्याही निवेदनाखाली त्याची सही चालणार नाही असं सांगितलं, आणि कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. अधिकाऱ्यापुढे चूक कुणाची होती, हे त्याच्याच हातचं लिहून जायला हवं होतं.

दुसऱ्यांची निवेदनं तो तासाभरात लिही. या एका पानाला दुपार गेली. माझी मातृभाषा माम आहे, हे पहिलं वाक्य त्याने तीनदा खोडलं. तारखा चोख होत्या. जिथे कारण लिहायचं तिथे त्याने अखेर लिहिलं: मला लाज वाटत होती.

खाली उतरताना मार्सेलिना जिन्याच्या पायरीवर बसलेली दिसली. येसेनिया बसचं बघायला गेली होती.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "तुझी मान हलली होती."

"मग तुम्ही बोलला का नाहीत, नान?"

"तुला झाकून ठेवायचं होतं. दुसऱ्याच्या मडक्यावरचं झाकण मी कशाला काढू? म्हटलं, आपलाच पोरगा आहे, नीट लिहील."

खालच्या दुकानात लोकांची ये-जा चालू होती, त्यांच्यादेखत तो तिच्याहून दोन पायऱ्या खाली उतरून उभा राहिला आणि त्याने मान झुकवली. बराच वेळ काही झालं नाही. मग तिचा हात डोक्याला लागला, हलका, कोरडा. ओझं उतरेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"गुरुवारी किती वाजता?" तिने विचारलं.

"आठ वाजता, नान," तो म्हणाला. मग प्रश्न उलटा करून विचारायचं त्याला आठवलं. "किती वाजता म्हणालो मी?"

"आठ," ती म्हणाली.