इंदूबाईंची पितळी डबी

नागपुरात इंदोऱ्यातल्या आमच्या गल्लीत बरीच वर्षं एक कुजबुज होती. इंदूबाई कुणाकडे जेवायला गेल्या की पानावर बसल्याबसल्या गुपचूप अंगारा तोंडात टाकतात म्हणे. कुणी सांगायचं, अन्नावर करणी असली तर बाधू नये म्हणून. कुणी सांगायचं, त्या घराची बरकत ओढून न्यायला. ही अफवा मी सुरू केलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी ती फक्त तीन गल्ल्या पुढे पोचवली.

डबी मात्र खरी होती. पितळेची, चुन्याच्या डबीहून जराशी मोठी. दोन-तीन घास झाले की इंदूबाईंचा पदर तोंडाशी जायचा, काहीतरी आत पडायचं आणि बाई पुन्हा पाठ ताठ करून जेवायला लागायच्या. कुणी विचारलंच तर त्या नुसत्या बघायच्या. त्या बघण्यानंतर दुसऱ्यांदा विचारणारा माणूस आमच्या गल्लीत अजून जन्मायचा आहे.

कारण जेवणाच्या बाबतीत गल्लीत शब्द त्यांचाच. कोराडीच्या एका विश्रामगृहात त्यांनी एकतीस वर्षं पाहुण्यांना वाढलं. त्या म्हणायच्या, "भाऊ, माणूस पाहाचा असंल तर जेवताना पाहा. गाडीतून आलेला साहेब शेजाऱ्याच्या ताटात डोकावून राहते, अन् त्याचा डायव्हर सगळ्याईले वाढल्याशिवाय घास उचलत नाही."

निवृत्त झाल्यावर त्यांनी आम्हाला वळण लावायला घेतलं. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय सुरुवात नाही. सगळ्यात सावकाश जेवणाऱ्याच्या आधी उठणं नाही. ताटाशेजारी मोबाईल नाही. वाढणाऱ्याला पहिल्यांदा 'नको' म्हणणं नाही, पण ताटात पडलेलं टाकणंही नाही. आणि यजमानाच्या घरी कमी-जास्त झालं असेल तर ते तोंडानं काय, चेहऱ्यानंही बोलायचं नाही. परवा बारशाच्या बुफेत आमच्या गल्लीची माणसं भरल्या प्लेटा हातात धरून एकमेकांसाठी उभी होती. केटररवाला घाबरला, त्याला वाटलं जेवणात काहीतरी निघालं.

तर त्यांचा नातू पियुष. विमानतळाजवळच्या मिहानमध्ये एका कंपनीत नोकरी, स्वभावानं गरीब. त्याचं आणि सावनेरच्या पायलचं जमलं. पायल तिथं शाळेत शिकवते. घरात शब्द चालतो तिच्या आजीचा, म्हणजे पार्वतीबाईंचा. सगळं ठरत आलं होतं आणि नेमकी अंगाऱ्याची गोष्ट सावनेरला पोचली. कशी पोचली ते विचारू नका. माझे साडू तिथं राहतात.

पार्वतीबाईंनी निरोप धाडला, "छप्पन साली माझ्या सासऱ्यानं धम्माची दीक्षा घेतली अन् घरातले अंगारे-धुपारे बाहेर काढले. ते परत खाणारीच्या घरी मी नात देत नाही. तरी एकदा जेवाले या. डोळ्यानं पाहते, मग बोलते."

पियुषचं तोंड उतरलं. इंदूबाईंच्या सासऱ्यांनीही त्याच दिवशी, त्याच मैदानावर दीक्षा घेतलेली. पण हे ऐकून इंदूबाई एवढंच म्हणाल्या, "जेवाले बोलावलं हाये ना? मग जाऊ. शर्टाले इस्त्री कर."

रविवारी दुपारी आम्ही सावनेरला पोचलो. मीही गेलो. असलं जेवण चुकवण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही.

दारातच पार्वतीबाईंनी हात पुढे केला. "पर्स द्या वं बाई, आत ठेवते." इंदूबाईंनी क्षणभर पर्स घट्ट धरली आणि मग देऊन टाकली. ती कपाटात गेली, डबीसकट.

चटया टाकल्या, ताटं मांडली. पियुषनं घाबरून भाकरीला हात घातला.

"काहून गा पियुष? सगळ्याईच्या ताटात पडलं काय?" इंदूबाईंनी हटकलं.

पोरानं हात मागे घेतला. पार्वतीबाईंनी ते टिपलं.

मग मटणाचा रस्सा आला, वर बोटभर तर्री. पार्वतीबाई स्वतः वाढत होत्या. "तुमच्या माहेरची मिरची हाये, बाई. खास भिवापूरवरून मागवली."

पहिल्या घासाला माझे कान झिणझिणले. इंदूबाई चवीनं जेवत होत्या. पाच-सहा घास झाले असतील, तेवढ्यात पार्वतीबाईंनी विचारलंच, "त्या डबीत काय असते, बाई?"

सगळ्यांचे हात थांबले. इंदूबाईंनी सावकाश घास चावला, गिळला.

"पानावर बसलं की पानावरचं बोलू. हात धुतले की डबी तुमच्याच हातात देते. तवरक रस्सा वाढा."

पार्वतीबाईंनी पूर्ण पळी ओतली. इंदूबाईंच्या कपाळावर घाम फुटला, एका डोळ्यातून पाणी निघून हनुवटीपर्यंत आलं. पाठ मात्र ताठ आणि घासाची चाल तीच. पाण्याच्या पेल्याला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

पायल भाकरी वाढत होती. तिनं एकदा इंदूबाईंकडे पाहिलं, आत गेली आणि वाटी घेऊन आली. वाटीत गूळ. एक खडा माझ्या ताटात, एक पियुषच्या, एक स्वतःच्या आजीच्या, आणि शेवटी, जणू ओघात, इंदूबाईंच्या.

"हे काय वं? रश्शासंग गूळ? आपल्या घरी कवापासून?"

"आजपासून, आजी."

इंदूबाईंनी मान वर करून पोरीकडे पाहिलं. खडा तोंडात टाकला. मग म्हणाल्या, "पोरीले वळण कोणं लावलं?"

"मीनंच," पार्वतीबाई लगेच बोलल्या.

सगळ्यात हळू मीच जेवत होतो. सगळे माझ्यासाठी थांबले. हात धुतल्यावर इंदूबाईंनी पर्स मागवली, डबी काढली आणि न उघडताच पार्वतीबाईंच्या हातावर ठेवली. पार्वतीबाईंनी झाकण काढलं. आत पाहिलं. नाकाशी नेली. मग उष्ट्या ताटांकडे पाहिलं.

"अवं बाई, मग सांगाचं नाही काय?"

"तुमच्या घरी बसून तुमच्या रश्शाले नाव ठेवू? अन् बाप माहा भिवापूरचा मिरचीवाला. सांगू कोणाले?"

पार्वतीबाई हसल्या. मग त्यांनी आतून पंचांगाऐवजी शाळेचं कॅलेंडर आणलं आणि पायलच्या सुट्ट्या पाहून तारीख काढली. मे महिन्यात विहारात लग्न लागलं. जेवणावळीत पायलच्या माणसांनी प्रत्येक ताटात गुळाचा खडा वाढला. आमच्या गल्लीनं ती सावनेरची रीत समजून निमूट खाल्ला.

डबीत गूळ होता. इंदूबाईंना तिखट सोसत नाही.