ओळीखालची ओळ

संग्रहालयात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला ताई म्हणत. जुनी पानं दुरुस्त करायचं तिचं काम. हात हलका, जीभ मात्र फटकळ. "माणसापेक्षा कागद बरा, फाटला की निदान दिसतो तरी," असं ती म्हणायची.

एकदा तिच्याकडे फारसी कवितांची हस्तलिखित पोथी आली. कडेनं सोन्याची वेलबुट्टी, मधे काळ्या शाईत कविता आणि प्रत्येक ओळीखाली बारीक लाल अक्षरांत तिचा तुर्की अर्थ. ताईला दोन्ही भाषांतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिनं खळ शिजवली, पातळ कागदाच्या पट्ट्या फाडल्या आणि कसरीनं खाल्लेल्या लाल ओळी सांधायला घेतल्या.

तेव्हापासून तिचे ओठ हलायला लागले. समोरचा बोलून थांबला, की ती हळूच काहीतरी पुटपुटे. तिचं तिलाच भान नसे.

"ताई, शिव्या घालताय का मला?" शिपायानं विचारलं. सगळे हसले, तीही हसली.

पुढे पोथी वाचायला तुर्की शिकवणाऱ्या बाई आल्या. "किती सुंदर काम करता हो तुम्ही," त्या म्हणाल्या. ताई पुटपुटली. बाई पांढऱ्याफटक पडल्या.

"तुर्की कुठं शिकलात?"

"मी? छे हो!"

"आत्ता तुम्ही म्हणालात, 'हिच्या हातात ही पोथी दिली कुणी?'" बाई म्हणाल्या. "हे मी बोलले नव्हते. मनात आलं होतं माझ्या."

ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं अर्धवट जेवून ताट सारलं. "काय होतंय तुम्हाला?" तिनं विचारलं.

"काही नाही गं. ठणठणीत आहे मी."

तिचे ओठ हलले. या वेळी तिनं कान देऊन ते शब्द ऐकले, पोरीनं पाढे घोकावेत तसे घोकले आणि सकाळी बाईंना फोनवर म्हणून दाखवले.

"'छातीत कळ येते,'" बाई म्हणाल्या, "'हिला सांगितलं तर घाबरेल.'"

ताईनं नवऱ्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. तो बरा होऊन घरी आला, पण तिला कसं कळलं ते ऐकल्यापासून तिच्याशी बोलेनासा झाला. पाणी हवं असलं तरी नुसता पेल्याकडे बोट दाखवी. लेक माहेरी आली, की आईला पाठमोरी होऊन बोले. संग्रहालयात ताई आली, की चहाच्या टेबलाभोवतीच्या गप्पा बंद पडत.

पोथी पुरी झाली, काचेच्या कपाटात गेली. पुटपुटणं काही गेलं नाही.

एका दुपारी नवरा डोळा लागून पडला होता. ताई आरशासमोर केस विंचरत होती. घरात इतकी शांतता, की तिला स्वतःचाच आवाज ऐकावासा वाटला.

"होईल सगळं नीट," ती आरशाला म्हणाली.

आरशातले ओठ मिटले आणि पुन्हा हलू लागले. बराच वेळ हलत राहिले. शब्द लक्षात राहू नयेत म्हणून ताईनं दोन्ही कान घट्ट दाबून धरले.