पारोसा देव

मला बोलायला फार लागतं. आमचा निनाद म्हणतो, आईला लिफ्टमध्ये एकटी सोडली तर ती बटणांची चौकशी करेल. खरं आहे. सिंगापूरला आले तेव्हा इंग्रजी धड येत नव्हतं, तरी महिन्याभरात खालच्या वॉचमनच्या सुनेचं बाळंतपण कधी आहे ते मला ठाऊक होतं. आणि एवढ्या बोलण्यात — एवढ्या वर्षांच्या बोलण्यात — ही एक गोष्ट मी कुणापाशी काढलेली नाही. निनादपाशी नाही, सुनेपाशी नाही, पुण्याच्या बहिणीपाशी नाही. देवापुढे बसून मनातल्या मनात म्हणायला गेले तरी मी पटकन वाती वळायला घेते. मन दुसरीकडे लावायची ही माझी जुनी खोड.

तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल. माझी शाळा चौथीपर्यंतची, पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदावरचं. तेव्हा वाक्यं मागेपुढे होतील. मला आवरत नाहीत. — बघा, पुन्हा दुसरीकडेच चालले.

तर मामा मोनीक. दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराचं सांगते. आम्ही बुओना व्हिस्टाला राहत होतो. निनाद सकाळी कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला जायचा, अश्विनी, माझी सून, जवळच्याच ऑफिसात. मी आणि नात रेवा, चार वर्षांची, दिवसभर घरी. समोरच्या दारात एक बाई आल्या, माझ्याच वयाच्या, चांगल्या उंच, डोक्याला फुलाफुलांचं फडकं गुंडाळलेलं. आफ्रिकेतल्या काँगोच्या. मुलगा पॅट्रिक इथे युनिव्हर्सिटीत संशोधनाला. नाव विचारलं तर म्हणाल्या, "मामा मोनीक." मला हसूच फुटलं. बाईमाणसाला मामा? रेवा इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, शी इज मामा लाह, नॉट मामा-मामा." त्यांच्यात मोठ्या बाईला मानाने मामा म्हणतात, हे मग कळलं. मग त्यांनी मलाही मामा सुमन करून टाकलं. दोन मामा एका मजल्यावर. तिचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं, माझं पुणेरी वळणाचं — दोघींची मोडकी असल्यामुळे छान जमायचं. एकदा दार वाऱ्याने ओढलं गेलं आणि ती बाहेर अडकली. तेव्हापासून तिची एक किल्ली माझ्याकडे, माझी एक तिच्याकडे.

तिच्या कपाटावर एक मूर्ती होती. हातभर उंचीची, काळ्याशार लाकडाची. तोंड उघडं, एक हात वर उगारलेला, पोटावर काचेचा तुकडा बसवलेला. आणि अंगभर खिळे. खिळे, लोखंडाच्या पात्या, काही गंजलेल्या, काहींना चिंधी बांधलेली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. आपल्याकडे टाचण्या टोचलेलं लिंबू कशाला असतं? मनात तेच आलं. ती हसली. म्हणाली, "नो डेव्हिल, मामा सुमन. धिस इज पेपर. व्हिलेज पेपर." गावचे कागद! मग चहा निवेस्तोवर सांगत बसली. तिच्या आजोळी, मोठ्या नदीच्या मुखाकडे, याला न्किसी म्हणतात. गावात दोघांचं भांडण झालं, चोरी झाली, सोयरीक ठरली की सगळे याच्यासमोर यायचे. आपापलं म्हणणं बोलायचे. मग न्गांगा — त्यांचा जाणता, वैद्य म्हणा, पुजारी म्हणा — खिळा ठोकायचा. त्याआधी शब्द देणारा तो खिळा जिभेला लावायचा. झालं, शब्द बांधला गेला. मोडला तर हा त्याला शोधत येणार. पोटातल्या काचेच्या मागे जाणत्याने औषधं भरलेली असतात, त्यात त्याचं बळ. खोटं बोलणाऱ्याने तेवढं भ्यावं, बाकी गावाला त्याचा आधार. दोन भाऊ मासेमारीच्या ओढ्यावरून जिवावर उठले होते, ते याच्यासमोर थांबले. त्यांचा खिळा यातलाच कुठलातरी. गोऱ्यांच्या अमदानीत असल्या कितीतरी मूर्ती जाळल्या गेल्या, कितीतरी उचलून नेल्या. ही एक तिच्या आजीने टोपल्यांखाली दडवली म्हणून राहिली. आता तिच्यासमोर कुणी खिळा ठोकत नाही, मोनीक स्वतः दर रविवारी चर्चला जायची. पण हात कुणी लावायचा नाही. "नेल आऊट, प्रॉमिस आऊट," एवढंच म्हणाली.

मला हे कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. सगळ्यांत आधी मलाच कळलं! माझं माहेर पुरंदरकडचं. बांधाचं भांडण असो की दिल्या-घेतल्याचं, खंडोबाच्या पायरीवर बेलभंडारा उचलला की गाव गप्प बसायचं. माझ्या वडिलांनी उचललेला मी पाहिलाय. मी तिला ते सांगितलं, हळदीचा पिवळा हात करून दाखवला. तिने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "सेम, सेम." असं मला या देशात दुसरं कुणी म्हणालं नव्हतं.

आता पुढचं. जरा थांबते हं.

चंपाषष्ठीचा दिवस. घरी देवांना आंघोळ घातली, भंडारा वाहिला, वांग्याचं भरीत केलं. निनाद-अश्विनी कामावर. पॅट्रिक युनिव्हर्सिटीत, मोनीक एकटीच इथे राहायच्या परवान्याच्या, पासच्या, कामाला बाहेर गेलेली. आणि माझ्या डोक्यात काय आलं असेल? की सगळे देव न्हाले आणि समोरच्या घरातला पारोसा बसलाय. धुळीत! कित्येक वर्षांत त्याच्या अंगाला पाणी नाही, तेल नाही. हात लावायचा नाही हे तिने सांगितलेलं आठवत होतं. पण मी म्हटलं, ते त्यांच्या लोकांना. आपण काय वाईट करतोय? किल्ली घेतली, रेवाला घेतलं, एका वाटीत पाणी, एकीत तेल, भंडाऱ्याची चिमूट. कपाटावरून खाली काढला. जड होता, वाटला त्याहून जड. ओल्या फडक्याने पुसायला घेतला, कपाळाला हळद लावली. त्या खिळ्यांवरून त्याला साळिंदर ठरवून रेवा म्हणत होती, "आजी, साळिंदरबाबा, मी पण, मी पण." फडकं एका खिळ्यात अडकलं. मी ओढलं. मूर्ती कलली — आणि पोरीने ती सावरायला हात पुढे केला.

तळहात चिरला. पाती कोवळ्या हातात चांगली घुसली होती. मी तिच्या हाताला पदर बांधला, मूर्ती वर ठेवली, वाट्या उचलल्या. फडकं उचललं तर त्यात खिळा आलेला. लांब, चौकोनी डोक्याचा, त्याला जुन्या चिंधीचं टोक. त्याच भोकात अंगठ्याने दाबून पाहिला, बसेना. तो पर्समध्ये टाकला आणि टॅक्सी केली.

एक सांगायचं राहिलं, ते इथेच सांगते, नाहीतर माझी भीती तुम्हाला कळायची नाही. दोन महिन्यांपूर्वी खाली झोपाळ्यावरून रेवा पडली होती. तेव्हा मी शेजारच्या बाकावर गप्पा मारत होते. अश्विनी ओरडली नाही. ती ओरडणारी नाहीच. म्हणाली, "आई, ती तुमच्या नजरेसमोर असू दे, एवढंच." पण मग मी ऐकलं, दोघांचं बोलणं — हेल्पर ठेवू या, आईंना आता झेपत नाही, पुण्याला त्यांनाही बरं वाटेल. बरं वाटेल! पुण्याच्या त्या दोन खोल्यांत ह्यांच्यामागे मी एकटी राहून पाहिलं होतं. भिंतीशी बोलून पाहिलं होतं. मला परत जायचं नव्हतं. आणि आता हातात रक्ताने भिजलेला पदर.

टॅक्सीतच सुरुवात केली मी. पोर हुंदके देत होती, आणि मी तिचे डोळे पुसत म्हणत होते, "मामाने बोलावलं ना आपल्याला? मामाने दिलं ना तुझ्या हातात?" ती नाही म्हणाली. तीनदा नाही म्हणाली. चौथ्यांदा तिने होकाराची मान डोलावली.

टाके पडले. अश्विनी धावत दवाखान्यात आली. विचारलं कसं झालं, तर मी म्हटलं, समोरच्या बाईंकडे. "त्यांच्याकडे काय आहे असं?" आणि मग मी तो शब्द उच्चारला. करणी. खिळे ठोकलेली बाहुली आहे, करणीची, पोरीला बोलावून तिच्या हातात दिली. अश्विनी शिकलेली मुलगी, करणी-बिरणी तिला पटत नाही. पण ती आई होती. तिचा चेहरा कसा पांढरा पडला ते मी पाहिलं. पाहूनही शब्द मागे घेतला नाही.

मग तो शब्द माझा राहिला नाही. बिल्डिंगमधल्या आपल्या चार घरांच्या फोनवर गेला, तिथून मॅनेजमेंटकडे, तिथून फ्लॅटच्या मालकाकडे. मुलं त्यांच्या दारावरून पळत जायला लागली. मी हे थांबवू शकत होते का? एका वाक्यात. रोज थांबवू शकत होते.

तिला मात्र घरात पाऊल टाकताच कळलं असणार. कपाळावरची हळद मी पुसायची विसरले होते. या पृथ्वीवर तिच्या न्किसीला हळद लावणारी बाई दुसरी कोण असणार? तरी ती मॅनेजमेंटला काही बोलली नाही. निनाद त्यांच्याकडे जाब विचारायला गेला तेव्हा मला घेऊन गेला. पॅट्रिक हात जोडल्यासारखे करून सारखा सॉरी म्हणत होता, त्याला बिचाऱ्याला काही माहीतच नव्हतं. मोनीक खुर्चीत बसली होती. तिने माझ्यावर आळ घेतला नाही, स्वतःची बाजू मांडली नाही. रेवाचा हात कसा आहे ते विचारलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा सुमन. द नेल. व्हेअर इज द नेल?"

निनादने मला विचारलं, "आई, काय म्हणतायत त्या? कसला खिळा?"

खिळा माझ्या पर्समध्ये होता. पर्स माझ्या मांडीवर होती.

"आय डोन्ट नो," मी म्हटलं.

तिने परत विचारलं नाही. मालकाने करार वाढवला नाही आणि ते क्वीन्सटाउनला राहायला गेले. सामान जाताना मी दाराच्या भिंगातून पाहत होते. मूर्ती तिने कुणाला उचलू दिली नाही. तान्हं मूल घ्यावं तशी कापडात गुंडाळून छातीशी धरली होती. जाताना माझी किल्ली तिने दाराखालून सरकवली. त्या दुपारी मी खिळा कचरा खाली टाकायच्या नळीत, शूटमध्ये, टाकला. पडताना मजल्यामजल्याला आपटत गेला, तो आवाज मी शेवटपर्यंत ऐकला. कुणाचा शब्द होता तो? त्या दोन भावांचा? कुणा नवरा-बायकोचा? मला माहीत नाही, आणि आता तिलाही कळायचं नाही. क्वीन्सटाउन इथून एमआरटीने दोन स्टेशनं. मी एकदाही गेले नाही. पुढे कुणीतरी म्हणालं, ते देश सोडून गेले.

तुम्हाला वाटेल, झालं, हेच. मलाही वाटायचं की हेच. पण मी जे लपवत आले ते हे नाही. म्हणजे हे आहे, पण याच्याखाली आणखी एक आहे.

रेवा एकटीच साक्षीदार होती ना? चार वर्षांचं मूल कधी काय बोलेल, नेम नाही. एकदा जेवताना म्हणाली पण, "आजीने साळिंदरबाबाला आंघोळ घातली." मी पटकन तिच्या ताटात पापड ठेवला. मग मी तिला रोज आंघोळ घालताना गोष्ट सांगायला लागले. समोर एक चेटकीण राहायची. तिने आमच्या रेवाला बोलावलं. आजी धावत आली आणि रेवाला सोडवलं. मला गोष्टी रंगवून सांगता येतात. चेटकिणीला मी फुलाफुलांचं फडकं दिलं. रेवाला ती गोष्ट आवडायला लागली, "अगेन, आजी," म्हणायची. महिनाभर सांगितली, दोन महिने सांगितली. मग ती तीच गोष्ट मला सांगायला लागली, आणि मी थांबले. काम झालं होतं. जे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं ते मी धुऊन काढलं, त्या मूर्तीला धुवायला गेले तसंच. पुण्याला मला कुणी पाठवलं नाही. अश्विनी तर पाहुण्यांना सांगते, त्या दिवशी आई होत्या म्हणून बरं.

परवा रेवाने शाळेत निबंध लिहिला. नऊ वर्षांची झालीय. तळहातावरची पांढरी रेघ, तिच्यावर लिहायचं ठरवलं तिने. जेवताना उभं राहून वाचून दाखवला, इंग्रजीतून, हातवारे करून. काळी चेटकीण, तिचे खिळे, तिचे दात. दात मी सांगितले नव्हते, ते तिने स्वतःच घातले. आणि शेवटी, माझी आजी जगातली सगळ्यांत शूर आजी. टीचरने वर्गात वाचायला लावला म्हणे. निनादने टाळ्या वाजवल्या. अश्विनीचे डोळे भरून आले.

"खरं ना, आजी?" रेवाने विचारलं.

मी हो म्हटलं, आणि तिला आणखी भात वाढला.