लिहिल्याप्रमाणे

लिहिलेल्या शब्दावर माझ्या मामांइतका विश्वास ठेवणारा माणूस आमच्या उरणच्या बाजूला दुसरा झाला नाही. कागदावर 'डोळे मिटा' असं असतं तर 'उघडा' हे पुढे दिसेपर्यंत ते डोळे मिटून बसले असते, आणि मिटल्या डोळ्यांना पुढचं दिसणार कसं, याची काळजी लिहिणाऱ्यावर सोडली असती. सन तीसच्या आगेमागे ते खाडीपलीकडच्या मिठागरांच्या गावात मास्तर होते, आणि मी दोन वर्षं त्यांच्याकडे राहून शिकलो.

इतर शाळांत मुलं गाईवर निबंध लिहीत. मामांच्या शाळेत 'गाय कशी धुवावी' हे लिहीत. दर शनिवारी एक कृती, आणि मुलांनी लिहिलेलं मामा जसंच्या तसं करून दाखवत. एकाने लिहिलं, 'पिठात पाणी ओतावे.' मामांनी कळशी उपडी केली. दुसऱ्याच्या कृतीत चूल पेटवायची राहिली, तर मामा मधल्या सुट्टीपर्यंत थंड तव्यापुढे बसून राहिले आणि मग ती कच्ची भाकरी मुकाट्याने खाल्ली, कारण 'खावी' असं लिहिलेलं होतं. सदरा घालण्याच्या कृतीत बटणं सोडायची राहिली तेव्हा मामांचं डोकं गळ्यात अडकलं, आणि आतूनच प्रश्न आला, "काय राहिलं?" हाच प्रश्न वहीच्या समासात लाल शाईने असे. दहापैकी सहाच्या वर गुण त्यांनी कोणाला दिले नाहीत. मामी म्हणायची, "पोरांना शिकवतायत की माझं पीठ संपवतायत, देव जाणे."

भाकरीची बातमी शाळा तपासणाऱ्या दिपोटी साहेबांपर्यंत गेली. त्यांचं पत्र आलं: स्वतः येऊन पाहतो, पोरांना धड लिहिता येत नसेल तर बदली. मामांना ते गाव सोडायचं नव्हतं. मिठागरांच्या बांधाबांधाने हिंडून, घरोघरी हात जोडून त्यांनी ती पोरं शाळेत आणली होती आणि त्यांच्यावर त्यांचा जीव होता. तरी त्यांनी रदबदली केली नाही. वर्गाकडून 'धक्क्यावरून शाळेत कसे यावे' ही कृती लिहून घेतली आणि त्यातली सर्वांत चांगली, आगऱ्यांच्या यमुनीची, साहेबांना पाठवली.

साहेब प्रामाणिक निघाले. कागद हातात धरूनच आले. 'होडी थांबली की उतरा, सरळ चाला,' असं यमुनीने लिहिलं होतं. भरतीला होडी थेट पायऱ्यांशी थांबते. साहेब आले अष्टमीच्या भर दुपारी, ऐन ओहोटीला, आणि होडी पायऱ्यांपासून बरीच दूर थांबली. होडीवाला "नको, नको" ओरडत होता, त्याला साहेबांनी कागद दाखवला. मग ते उतरले, सरळ चालले आणि तिसऱ्या पावलाला मांडीपर्यंत चिखलात गेले.

चौघांनी ओढून त्यांना वर काढलं. आमचा सगळा वर्ग स्वागताला धक्क्यावर उभा होता. मामांनी साहेबांकडे एकदा नीट पाहिलं आणि वर्गाकडे वळून विचारलं, "काय राहिलं?"

"भरतीचा ऱ्हायला, मास्तर," यमुनी रडत म्हणाली. "पन अष्टमीला दुपारचा कोन येतं? ता त सगल्यांना ठावं हाय!"

"सगळ्यांना ठाऊक असतं तेच लिहायचं राहतं. उतरवून घ्या."

साहेबांच्या पाटलोणीतून चिखल गळत होता आणि आम्ही पाट्यांवर ते खरंच उतरवून घेत होतो.

पंधरा दिवसांत बदली आली, तीही माणगावच्या पलीकडे, डोंगरात. मला त्या साहेबांचा अजून राग येतो, आणि थोडा मामांचाही. तेवढा एक दिवस तो प्रश्न त्यांनी गिळायला हवा होता. निघताना यमुनीने त्यांच्या हातात एक कागद दिला, 'मास्तरांनी परत कसे यावे.' पुनवेला किंवा अवसेला या. दुपारच्या भरतीला होडीत बसा. पायऱ्यांना लागेपर्यंत उतरू नका. असं करत करत शेवटी: 'वर्गात या. आम्ही उभे राहू. मग खुर्चीवर बसा.'

मामा पेन्शनीत निघाल्यावर कितीतरी वर्षांनी तो कागद मला त्यांच्या कोटाच्या खिशात सापडला. समास कोरा होता. खाली लाल शाईत दहापैकी दहा.

"मग कधी गेला का नाहीत, मामा?"

त्यांनी कागद माझ्या हातून घेऊन जुन्याच घड्यांवर दुमडला. "शेवटचं वाचलंस ना? 'आम्ही उभे राहू.' डोंगरातून सुटलो तोवर ती पोरं त्या वर्गात उरली नव्हती. लिहिल्याप्रमाणे करायचं कसं?"