डोकेदुखी आणि निळी बादली

डोकेदुखीची औषधं संपतात, किस्से मात्र उरतात. विचुंब्याला सून म्हणून येऊन मला जेमतेम चार महिने झालेत, आणि एका कपाळात मावणार नाहीत इतके जमलेत. त्यात मी बोलते कमी, त्यामुळे सगळे आतच साठतात!

सुरुवात लग्नाच्या मांडवात झाली. नवऱ्याच्या आत्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सासूबाईंना म्हणाल्या, "वयनी, पोर नाजूक हाय. बघ, झेपल का!"

आणि पुढच्याच आठवड्यापासून रोज दुपारी माझं डोकं ठणकायला लागलं. कुणाला सांगायची सोय नाही. सांगितलं की आत्या खऱ्या ठरणार!

*

पण कपाळावरची आठी लपते थोडीच. सासूबाईंनी सहाणेवर सुंठ उगाळली आणि माझ्या कपाळभर थापली. उरलेली स्वतःला लावली. "माजं पन दुखतंय गं, आठवडा झाला."

मी घरूनच काम करते. लेप वाळायच्या आत ऑनलाइन मीटिंग सुरू झाली, आणि माझा कॅमेरा चालूच!

सरांनी माझ्या कपाळाकडे निरखून पाहिलं. मग अदबीनं म्हणाले, "घरी काही कार्य आहे का?"

"हो, सर."

"अहो, मग सुट्टी नाही का घ्यायची!"

हाफ डे मिळाला. सुंठीचा गुण येतो म्हणतात ते खोटं नाही.

*

एव्हाना घरात प्रत्येकाचं निदान ठरलं होतं. नवऱ्याचं, "लॅपटॉप." सासऱ्यांचं, "मोबाईल." (त्यांच्या मते गुडघेदुखीही मोबाईलनंच होते.) आत्यांना बातमी लागली, तशा त्या पनवेलहून रिक्षा करून आल्या. त्यांचं निदान, "नजर!"

मीठ-मिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या. ठसका कुणालाच लागला नाही.

"बघितलंस वयनी? ठसका नाय, म्हंजे नजर किती मोठी!"

दुसऱ्यांदा दुप्पट मिरच्या. तरी ठसका नाही. आत्यांचा चेहरा गंभीर. तिसऱ्यांदा मूठभर टाकल्या, आणि तेवढ्यात नवरा आत आला. "अरे, हा एक्झॉस्ट फॅन कशाला उगाच चालू ठेवलाय?" म्हणत त्यानं बटण बंद केलं.

पुढच्या मिनिटाला आम्ही सगळे अंगणात! सगळ्यात जास्त आत्याच खोकत होत्या.

"उतरली," त्या कशाबशा म्हणाल्या.

*

मग सासऱ्यांनी कुठंतरी वाचलं की गरम पाण्यात पाय बुडवले की डोकेदुखी उतरते. अडीच वाजता सासू-सून ओटीवर शेजारी शेजारी बसलो, माझे पाय निळ्या बादलीत, त्यांचे हिरवीत. शेजारच्या शबानाभाभी कुंपणावरून बघत होत्या. त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, गरम घावनांचं ताट घेऊनच आल्या. हात रिकामेच होते, आम्ही ताट फस्त केलं.

अर्ध्या तासात दोघींची डोकी हलकी!

सासरे गल्लीभर सांगून आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बादल्या. पाणी तेवढंच, ऊनही तेवढंच. पण डोकी जशीच्या तशी.

सासरे बराच वेळ बादल्यांकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "काल तू निळीत होतीस. आज हिरवीत कशी?"

*

तिसऱ्या दिवशी आम्ही अदलाबदल करून बसलेलो असताना भाभी आत डोकावल्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन ताटं झाकून ठेवलेली.

"या अल्ला! तीन वाजत आले. तुम्ही दोघी अजून जेवला नाहीत?"

"आई बसल्या नाहीत ना अजून," मी म्हणाले. माझ्या आईनं मला पाठवणीच्या वेळी बजावलं होतं, सासूच्या आधी पानावर बसायचं नाही.

सासूबाई चमकल्या. "मी? मी हिची वाट बघते! माज्या सासूनं मला कायम शेवटी बसवली. तवाच ठरवलं होतं, माजी सून आधी जेवल, मगच मी घास घेईन."

रोजचा संवाद माझ्या डोळ्यांपुढून गेला. "आई, तुम्ही बसा." "मला भूक नाय अजून, तू बस." "मलाही नाही." आणि दोघी तीनपर्यंत उपाशी, एकमेकींचा मान राखत!

भाभींनी आधी आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या पायांकडे.

"पोट रिकामं, आणि दोष बिचाऱ्या बादलीला!"

*

त्यानंतर ताटं एकाच वेळी वाढायचं ठरलं. पण पहिला घास कुणी घ्यायचा? दोघीही हात थांबवून बसलो. शेवटी कुंपणापलीकडून भाभी ओरडल्या, "एक, दोन, तीन!"

पंधरा दिवस झाले. सहाण फडताळात गेली, बादल्या न्हाणीत. काल साडेबाराला आम्ही जेवत असताना आत्यांचा फोन आला. सासूबाईंचा हात खरकटा, म्हणून मी स्पीकर लावला.

"वयनी, ती नाजूक काय करते? डोकं कसं हाय तिचं?"

सासूबाईंनी माझ्या ताटाकडे बघितलं. तोंडातला घास सावकाश चावून गिळला.

"नाजूक तिसरी भाकरी खाते. ठेव फोन, माजी थंड होते!"